आतून बंद फियाट

चावीवाला बोईसरहून स्कूटर हाणत तारापूरला पोचला, हेल्मेट काढलं, फियाटच्या काचेतून आत डोकावला आणि झटकन मागे सरला.

"भैया, आपने बोला चाबी अंदर रह गयी. अंदर तो अम्मा बैठी है!"

"तुम ताला देखो," दर्पण म्हणाला. "अम्मा का मैं देखता हूँ."

अम्मा म्हणजे दर्पणची आई, हंसा. आणि तिचं तो काय बघणार होता ते सगळ्या आळीला दिसतच होतं. सकाळी त्याने गाडी अंगणात काढली, बॉनेटवर लाल रिबीन बांधली आणि गिऱ्हाइकाला आणायला ऐटीत फाटकापर्यंत गेला. चावी गाडीतच. तेवढ्यात हंसा सुक्या बोंबलांची टोपली घेऊन आली. टोपली बाजूच्या सीटवर, स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर. चारही दारांचे खटके तिने खाली दाबले, मांडीवर पेपर पसरला आणि बोंबलांची मुंडकी मोडायला घेतली.

गिऱ्हाईक म्हणजे केळव्याचे रिसॉर्टवाले मेहुलशेठ. त्यांना गाडी चालवायची नव्हतीच. इंजिन काढून टाकायचं, बॉनेटमध्ये माती भरून फुलझाडं लावायची आणि गाडी गेटपाशी उभी करायची. लोक फोटो काढतात म्हणे. दर्पणला ही कल्पना इतकी आवडली होती की कुठली फुलं शोभतील तेही त्यानेच सुचवलं होतं.

"क्लासिक गाडी आहे, शेठ," तो आत्ताही सांगत होता. "बाबांना भारी शौक. रविवारी जरा फिरायला काढायचे, बस. बाकी झाकून ठेवलेली."

"फिरायला?" कुंपणापलीकडून शेजारची लाडकी खिदळली. "रोज पहाटे बोईसरच्या बाजारात, टपावर टोपल्या बांधून! आन बाप तुजा बसायचा बाजूला, डुलक्या काढत. चालवायची तुजी आय."

दर्पणने ऐकलंच नाही. ऐकू न येण्यात तो लहानपणापासून हुशार. आठवडाभर त्याने गाडी शाम्पूने घासली होती, सीटवर गुलाबपाणी शिंपडलं होतं आणि दुकानात मिळाले तेवढे सगळे सेंट आरशाला टांगले होते. आता त्या सेंटच्या झुंबराखाली हंसा बोंबील मोडत होती.

चावीवाल्याने कोरी चावी कुलपात घालून हलवली, बाहेर काढली, तिच्यावर उठलेले ओरखडे बघितले, कानस मारली. परत घातली, परत काढली. बाहेर कानस खरखरत होती, आत मुंडकी मोडत होती आणि मधे नुसती एक काच.

"आई, उघड ना," दर्पण काचेला तोंड लावून कुजबुजला. "लोक बघतायत."

हंसाने लोकांकडे बघितलं. मग दर्पणकडे. मग हातातल्या बोंबलाकडे. सगळ्यांत तिला बोंबीलच बघण्यासारखा वाटला असावा.

"बन गयी!" चावीवाला ओरडला.

दर्पणने चावी हिसकावून घेतली, शेठकडे बघून विजयी हसला आणि फिरवली. टक. खटका वर आला. हंसाने मान न उचलता एका बोटाने तो खाली दाबला. टक.

त्याने पुन्हा फिरवली. टक. तिने पुन्हा दाबला. टक.

त्याने एका हाताने चावी, दुसऱ्या हाताने दाराचं हँडल असं दोन्ही धरून बघितलं. तरी बोट आधी पोचलं. पलीकडे लाडकीने टाळी वाजवली. मेहुलशेठ घड्याळ बघायला लागले.

"आये!" दर्पणने काचेवर थाप मारली, आणि शेठसमोर सकाळपासून जपलेलं पुस्तकी मराठी पार सांडलं. "काय लावलंस ह्ये? तुला बाजाराला रिक्षा करून देतो बोललो ना मी!"

तेव्हा कुठे हंसाने काच खाली केली. पहिला बाहेर आला तो वास. गुलाबपाणी नाही, सेंटही नाही. मेहुलशेठचा रुमाल नाकाला गेला.

"अरे, ही मासळीची गाडी होती की काय?"

"नाय हो शेठ, नाय—"

"होती?" हंसा म्हणाली. "हाय."

मग ती दर्पणकडे वळली. "आन तुज्या रिक्षाचं काय बोललास? टोपली बघून कंची रिक्षा थांबते? नाव सांग एकाचं."

दर्पणने शेठकडे बघितलं, तर शेठ पाठ करून फाटकाकडे निघाले होते. तो त्यांच्यामागे धावणार, तेवढ्यात फियाट खोकली, थरथरली आणि सुरू झाली. हंसाने मांडीवरचा पेपर मुंडक्यांसकट नीट गुंडाळला आणि काचेतून पुडा त्याच्या हातात ठेवला.

"मांजरांना घाल. उरलं तर फुलझाडांना."

बॉनेटवरची लाल रिबीन तशीच फडफडत फियाट फाटकातून निघाली. शेठना बाजूला व्हावं लागलं. गाडी बोईसरच्या रस्त्याला वळली आणि वळताना हंसाने हॉर्नही दिला.

अंगणात दर्पण उभा. एका हातात मुंडकी, दुसऱ्या हातात नवीकोरी चावी.

चावीवाल्याने कानस पिशवीत टाकली आणि धुळीकडे बघत मान डोलावली.

"चाबी तो एकदम बराबर बनी है, भैया."