पानं उलटणारी

नवऱ्याने पियानोवर हात ठेवले आणि तिसऱ्या रांगेत बसलेली ती सवयीने उठायला गेली. शेजारी बसलेल्या नणंदेने तिला दंडाला धरून खाली बसवलं.

"बस गं वहिनी. आज तुला सुट्टी."

एकतीस वर्षं हे तिचं काम होतं. त्याच्या डाव्या हाताला खुर्ची टाकून बसायचं, पान संपत आलं की उभं राहायचं, वरचा कोपरा चिमटीत धरून नेमक्या वेळी पान उलटायचं आणि पुन्हा बसायचं. या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. "या खेपेला दुसरं कुणी बघता का?" असं ती आपली म्हणाली होती, त्याने "छे, तूच हवीस" म्हणावं म्हणून. तो म्हणाला, "बरं."

आता त्या खुर्चीवर त्याची विद्यार्थिनी होती. बावीस-तेवीसची, ताठ पाठीची. गुडघे म्हणून काही असतं हेही अजून माहीत नसलेली.

"शोभते हं पोरगी," नणंद कुजबुजली. "दादासुद्धा दहा वर्षांनी लहान दिसतोय आज."

"केस काळे केलेत. मीच केले काल."

पहिलं पान संपत आलं. त्याने मान हलवून खूण केली तेव्हा पोरगी उठली. दुसऱ्या पानालाही तसंच झालं. तिसऱ्या रांगेत तिला जरा बरं वाटलं. तिच्यासाठी त्याला कधी मान हलवावी लागली नव्हती. त्याचा श्वास बदलला की तिला कळायचं.

तिसऱ्या पानाला त्याने मान हलवली नाही. पोरगी आपणहून उठली, अगदी वेळेवर पान उलटून बसली. आणि तो हसला. थोडंसंच, ओठांच्या एका कडेने. ते हसू तिच्या ओळखीचं होतं. घरातलं होतं. असं चारचौघांत ते तिने आजच पाहिलं.

"बघितलंस?" नणंद म्हणाली.

"डोळे आहेत मला."

पुढे काय होणार हे सगळ्या सभागृहात तिला एकटीलाच ठाऊक होतं. नोटेशनची ती वही जुनी होती. मधली दोन पानं एकमेकांना चिकटून बसायची. दर वेळी आदल्या दिवशी ती बसून ती पानं सुटी करायची, कोपरे वेगवेगळे दुमडून ठेवायची. कालही वही तिच्या हातात होती. तिने ती तशीच पिशवीत घातली. पोरीला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, राहू दिलं.

पोरगी उठली. तिने कोपरा धरला, उलटला आणि दोन पानं एकदम गेली.

पोरीचा हात हवेतच थांबला. ती पान मागे आणायला गेली, तर नखांना कड सापडेना. तिसऱ्या रांगेत पर्सचा पट्टा घट्ट आवळून ती पुढे सरकली. छातीत काहीतरी आनंदाने उडालं, हे तिने स्वतःपाशी कबूल केलं. आता अडखळेल. आता कळेल त्याला.

तो अडखळला नाही. समोर भलतंच पान उघडं होतं आणि बोटं आपल्या वाटेने चालली होती. मधली ओळन् ओळ तिला माहीत होती. एकही सूर गळला नाही. वाजवत वाजवत तो उघड्या पानापर्यंत येऊन पोचला आणि तिथून पुढे गेला. वहीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

मध्यंतरात ती मागच्या खोलीत गेली. पोरगी "सॉरी सर, सॉरी सर" करत रडत होती. मग तोंड धुवायला बाहेर पळाली. तो टॉवेलने मान पुसत होता.

"तुम्हाला सगळं पाठ आहे," ती म्हणाली.

त्याने पाण्याचा ग्लास उचलला. "हं."

"कधीपासून?"

"थोरलीच्या लग्नाच्या आधीपासून असेल."

"थोरलीचा मुलगा कॉलेजात जातोय."

त्याने पाण्याचा एक घोट घेतला.

"आणि मला इतक्या वर्षांत कळलं कसं नाही?"

"अगं, तू एकदाही चुकली नाहीस," तो म्हणाला. "कळणार कसं?"

तेवढ्यात पोरगी दारात येऊन उभी राहिली. तोंड धुतलेलं, डोळे लाल.

"सर, दुसऱ्या भागाला काकूंनाच बसवता का? मला नाही जमायचं."

"वेडी का काय!" तो चटकन म्हणाला. "तू नसलीस तर माझं कसं व्हायचं?"

हे वाक्य दर वर्षी याच खोलीत तो तिला म्हणायचा. याच सुरात. त्या एका वाक्यावर तिने एकतीस वर्षं उठबस केली होती. पोरीचा चेहरा उजळला. असा चेहरा आतून कसा उजळतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार!

'त्यांना सगळं पाठ आहे.' खरं काय ते सांगायला हे चार शब्द पुरले असते. ते तिच्या जिभेवर आलेही. नवरा हातातला ग्लास तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला.

बाहेर घंटा झाली.

"पुढचं जलद आहे," ती पोरीला म्हणाली. "त्यांच्याकडे अजिबात बघायचं नाही. डोळे कागदावर."