शेवंतीचा नकार

"नाही म्हणजे नाही! तिला आता एक सुईसुद्धा टोचायची नाही, असं तोंडावर सांगून आलोय सरांना!"

वरदने चप्पल अशी भिरकावली की शेजारच्या कमलाबाई गॅलरीत डोकावल्या. डिलाईल रोडची चाळ ती. भिंती पातळ आणि कान तिखट. एवढ्या तावातावाने हा कुणाबद्दल बोलतोय, हे त्यांना कळेना.

तो बोलत होता शेवंतीबद्दल. शेवंती म्हणजे डुकरीण. परळला जनावरांच्या संशोधन केंद्रात वरद डॉक्टर होता, तिथली. आयुष्यात कधी गाभण न राहिलेली. तिला हार्मोनची इंजेक्शनं देऊन पान्हा फोडायचा आणि आई मेलेली पिल्लं तिच्या अंगावर पाजायची, असा प्रयोग होता. आणि तो फळालाही आला होता! पोटात पिल्लू नसताना शेवंतीला दूध आलं. पोरकी पिल्लं तिला लुचून लुचून गुबगुबीत झाली. झालं, केंद्राचे प्रमुख अजितसर खूश. आता त्यांना तेच सगळं लगेच पुन्हा करून हवं होतं.

"अगं आई, तिचं अंग सुजलंय. खाण्याला तोंड लावत नाही. सुई दिसली की भिंतीकडे तोंड करून उभी राहते. आणि हे शहाणे म्हणतात, एवढं सोसलंय तिने, आता अजून एकदाच! अरे, सोसतंय कोण? तुम्ही? त्या बिचारीला बोलता येत नाही म्हणून काय वाट्टेल ते करायचं?"

"बरा केलंस रे झिला," कौसल्याबाई म्हणाल्या. मुलाचा त्यांना अभिमान वाटला. "मुक्या जिवाचो तळतळाट वाईट हां."

सुचित्रा, त्याची बायको, ताटातली भाकरी चिवडत बसली होती. तिने मान वर करून नवऱ्याकडे एकटक पाहिलं. कौतुकानेच बघतेय, असं वरदला वाटलं. त्याला आणखी चेव आला.

"जनावर नाही कसं म्हणतं, ते ओळखता आलं पाहिजे. मला येतं. बाकीचे नुसते पदव्या लावून फिरतात."

"बरा, बरा. आता हिचा इंजेक्शन दी बघू," कौसल्याबाई म्हणाल्या. "टायम झालो."

बाळासाठी सुचित्राची टेस्ट-ट्यूबच्या उपचारांची ही चौथी खेप होती. आधीच्या तिन्ही वाया गेल्या होत्या. या वेळी थोडं थांबलात तरी चालेल, असं दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली होती. थांबायचं नाही, असं घरात ठरलं होतं. कुणी ठरवलं, ते विचारू नका. सुई टोचून घ्यायला रोज दवाखान्यात जायची गरज नव्हती. घरचाच डॉक्टर! वरदने हात धुतले, फ्रिजमधून औषध काढलं, सुई भरली, उजेडाकडे धरून हवा काढली. हात कसा सराईत.

"चल, बस नीट."

सुचित्राने भाकरी तशीच बाजूला सरकवली. इंजेक्शनांनी पोट फुगून टम्म झालं होतं, त्यावर हात ठेवून ती सावकाश वळली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"अगं, अशी काय करतेस? एवढं सोसलंस, आता अजून एकदाच ना?"

वाक्य तोंडातून गेलं आणि वरदला ते नुकतंच कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं.

सुचित्रा उठली. त्याच्या हातातली सुई तिने काढून घेतली आणि मोरीत भिरकावली. ती फरशीवर आपटून खडखडली.

"अगो, ह्या काय केलंस!" कौसल्याबाई ओरडल्या.

सुचित्राने सासूकडे बघितलंसुद्धा नाही. तिचा आवाज खणखणीत होता.

"डुकरिणीने नुसतं भिंतीकडे तोंड केलं, तर तुला कळलं! मी दिवाळीपासून मराठीत सांगतेय, नको, नको, नको. भिंतीपलीकडे कमलाबाईंना पाठ झालं, वरद!"