नर्सबाईचा कंदील

"बाई, तुमी आल्यापासून नर्सबाईचा कंदील रातभर काऊन जळत नाही?"

कोकिळाने एका दमात विचारून टाकलं. कुंपणाआड दबून बसलेल्या मैत्रिणी तोंडावर हात दाबून खिदळल्या. बाईंना हे विचारून दाखव, ही पैज त्यांचीच होती. त्यांच्या मते पुण्याची ही बाई मोठी साहेबीण होती, सरकारी घासलेटाची उधळपट्टी पकडायला आलेली. नर्सबाई सापडली, म्हणून तर उद्या नोकरी सोडून चालली!

पण वत्सलाबाई साहेबीण नव्हत्या. त्या अर्थशास्त्र शिकलेल्या. नवं राज्य झालं तशा गावोगाव नर्सा आल्या आणि आल्या तशा निघूनही गेल्या. ही माणसं खेड्यात का टिकत नाहीत, हे शोधत एसटीनं हिंडायचं, हीच त्यांची नोकरी. अमडापुरात त्या आठवडाभर नर्सबाईच्याच खोलीत उतरल्या होत्या. ही खोली गावाबाहेर, नाल्यापल्याड होती.

"तुला कुणी पाठवलं ते दिसतंय मला," त्या हसल्या. मग हसू मावळलं. "मी आले, त्या रात्री तिनं स्वतःच कंदील विझवला. म्हणाली, आज कुणीतरी आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे तिला भीती वाटते गं. एकटी पोर. दाराबाहेर काही वाजलं की उठून बसते."

 गावात कुणाचा नवरा बाहेरगावी गेला की सोबतीला झोपायला कोकिळालाच बोलावणं यायचं. किसनरावांच्या घरी, जनकाबाईंकडे, कुठं कुठं गेली नव्हती ती! शेंगा खायच्या, गप्पा हाणायच्या, ढाराढूर झोपायचं. नाल्यापल्याड मात्र तिला कुणी कधी धाडलं नव्हतं. तिलाही ते सुचलं नव्हतं.

"सरकारले सांगा नं तुमी!"

"पगार वाढवा, रस्ता करा, घर बांधा, हे सगळं सांगेन. सोबत कशी मागू सरकारजवळ?" बाईंनी पिशवीचे बंद ओढले. त्यांचीही उद्याचीच एसटी होती. "पुण्यात माझी एक खोली आहे. तिथं माझाही दिवा जळतच असतो."

कोकिळा कुंपणाकडे आली. "काय म्हने वं? पकडलं का घासलेट?" मैत्रिणींनी गराडा घातला. कोकिळा पैज जिंकली होती, पण एक शब्द न बोलता घराकडे निघाली.

घरी बाबा, भगवानराव, जेवत होते. माय भाकरी थापत होती. दिवस भरत आलेले, चुलीपुढे तिला धड वाकताही येत नव्हतं. कोकिळाने वळकटी काखेत मारली.

"आज कोणाच्या घरी सोबत?" बाबांनी विचारलं.

"नर्सबाईकडे."

मायचा हात थांबला. "तिच्याकडे? गावभरच्या बाळंतिणीचा विटाळ घेऊन फिरते ते! कोणी पाणी तरी पेते का तिच्या घरचं?"

"अन् ते उद्या गेली, तं तुह्या वेळेले कोणाले हाक मारशीन, माय?"

 बाहेर अंधारून येत होतं. बाबांनी खुंटीवरचा कंदील काढून तिच्यापुढे धरला.

"राहू द्या, बाबा. आजपासून मी रोज तिथंच झोपीन, मंग ते कायले जाईन गाव सोडून? अन् पाणीही तिथलंच पिईन. तिथला कंदील विझवायले चालली मी, आपला कायले नेऊ?"