एकशे साठ किलो

एकशे साठ किलोंचा बार खांद्यावर घेऊन भिवा खाली बसला, आणि त्याच्या मागे उभा असलेला सदाशिव मनातल्या मनात म्हणाला, आता उठू नकोस.

दापोडीच्या त्या पत्र्याच्या व्यायामशाळेत रविवारी सकाळी पंचवीस-तीस कामगार श्वास रोखून उभे होते. समोरच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं : बैठक, १५५ किलो, सदाशिव. साडेतीन वर्षं ते नाव तिथे होतं. पण ते लिहिलं गेलं त्या दिवसापासून सदाशिवच्या कानावर एकच वाक्य पडत आलं होतं. "भिवा असता तर गोष्ट वेगळी होती."

भिवा नव्हता, कारण चार वर्षांपूर्वी मुंबई-पुणे रस्त्यावर एका ट्रकने त्याची सायकल उडवली होती. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत सळई घालावी लागली. फाउंड्रीतलं काम सुटलं आणि कंपनीने त्याला गेटवर बसवलं. सदाशिव मोसंबी घेऊन त्याला बघायला गेला होता. परत येताना त्याला वाईट वाटत होतं आणि कुठेतरी बरंही वाटत होतं. बरं वाटल्याचं त्याने कुणालाच सांगितलं नाही.

मग गेल्या दिवाळीनंतर भिवा पुन्हा आला. पहिल्या दिवशी नुसता बार खांद्यावर घेतला तरी त्याचे पाय लटलट कापले. सदाशिवने सगळ्यांदेखत पुढे होऊन त्याला हात दिला. तेव्हा हात देणं सोपं होतं.

संक्रांतीला साठ किलो झाले. होळीला शंभर. गणपतीत भिवाने एकशे चाळीस घेतले आणि सदाशिवची झोप उडाली. व्यायामशाळा चालवणारे अण्णासाहेब पंधरा वर्षांत सदाशिवला 'बरं' यापलीकडे काही बोलले नव्हते. भिवासाठी मात्र ते घरून दुधाचा तांब्या आणू लागले. सदाशिव टाइम ऑफिसात हजेरीची कार्डं लावायचा, पण डोळ्यांसमोर भिवाच्या मांड्या असायच्या. एक लंगडी, एक धड, आणि दोन्ही दर आठवड्याला भरत चाललेल्या. त्याने स्वतः दोनदा एकशे साठ घेऊन पाहिले. दोन्ही वेळा तो खालीच राहिला.

काल भिवा त्याला म्हणाला होता, "उद्या मागं तू उभा राहा." काय भाबडा माणूस, असं सदाशिवला वाटलं, आणि त्या भाबडेपणाचाही राग आला.

मागे उभं राहणाऱ्याचं काम एवढंच. बार पडू लागला तर धरायचा. एका बोटाचा आधार लागला तरी बैठक मोजायची नाही, असा अण्णासाहेबांचा नियम होता.

भिवा तळाशी गेला आणि उठू लागला. अर्ध्यावर आल्यावर तो अडकला. मानेच्या शिरा तटतटल्या. लोकांना वाटलं, बार थांबला. पण तो थांबला नव्हता. तसूतसूने वर सरकत होता, आणि ते फक्त सदाशिवला दिसत होतं, कारण तो सगळ्यांत जवळ होता. अजून दोन क्षण, आणि भिवा सरळ झाला असता.

सदाशिवने दोन्ही हात बाराखाली घातले आणि भिवाबरोबर तो वर रेटून समोरच्या लोखंडी घोड्यावर टेकवला.

"शाबास," अण्णासाहेब म्हणाले. "वेळेवर धरलंस. नाहीतर पाय गेला होता त्याचा."

लोक सदाशिवच्या पाठीवर थापा मारू लागले. जिच्यासाठी तो पंधरा वर्षं झुरला ती शाबासकी आज त्याच्या अंगावर येऊन पडत होती. भिवा पाठमोरा उभा राहून धापा टाकत होता. तेवढ्यात दारातून त्याची बायको, कस्तुरा, आत आली आणि सदाशिवच्या पायांशी वाकली.

"भाऊजी, तुमी व्हता म्हणून ह्येंचा पाय वाचला," ती म्हणाली.

सदाशिव दोन पावलं मागे सरला. "वहिनी, नका," तो म्हणाला. "बार वर येत होता. मला दिसत होतं. मी मुद्दाम हात लावला."

उतू आलेलं दूध खाली बसावं तसे अण्णासाहेबांच्या चेहऱ्यावरचे भाव उतरले.

"हात लागला म्हणजे लागला. बैठक धरता येणार नाही," ते म्हणाले. "आणि तू महिनाभर मला तोंड दाखवू नकोस."

सदाशिवने खुंटीवरचा सदरा काढला आणि तो बाहेरच्या नळावर गेला. थोड्या वेळाने भिवा लंगडत त्याच्या शेजारी आला आणि त्याने मान नळाखाली धरली.

"शिव्या घाल," सदाशिव म्हणाला.

"तुजं नाव भिताडावर चढलं तवा मी खाटंवर व्हतो," भिवा तोंड पुसत म्हणाला. "म्हयनाभर येकच मनात यायचं. ह्याचाबी पाय मोडावा."

सदाशिवने नळ बंद केला.

"फुडच्या ऐतवारी परत घेनार हाय," भिवा म्हणाला. "अण्णासायबांना मी सांगतो. मागं तूच उभा राहा."

"एवढं झाल्यावर? माझ्यावर भरवसा कसला ठेवतोस?"

"भरवसा?" भिवा म्हणाला. "आजबी भरवशानं न्हवता उभा केला. माजं नाव तुज्या नावावर चढतंय, ते तुला समद्यांत जवळनं दिसावं म्हणून केला व्हता."