समोरची खुर्ची

"माझ्या पायांना हात लावायचा नाही," सुमित्राबाई म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

कल्पना पाण्याच्या टबापुढे गुडघे टेकून बसली होती. खांद्यावर पांढरा टॉवेल, हातात तांब्या. तांब्या तसाच अधांतरी राहिला.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळची उपासना होती. दिल्लीच्या द्वारका भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा छोटा हॉल भरला होता. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे यंदा सगळ्यांनी एकमेकांचे धुवायचे, समोरच्या खुर्चीवर जो असेल त्याचे, असं नव्या पाळकांनी ठरवलं होतं. लोक घरूनच टाचा घासून, नखं कापून आले होते. स्वरूपाने तर नेलपॉलिशही लावलं होतं.

सुमित्राबाईंच्या समोर खरं तर स्वरूपाच बसली होती. ऐन वेळी कल्पनाने तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि जागा बदलून घेतली.

"वहिनी, प्लीज," कल्पना हळूच म्हणाली. "समोरासमोर दारं आपली, आणि किती वर्षं तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत."

"मी दार वाजवलं तेव्हा बोलायचं होतंस."

आजूबाजूचं पाणी ओतणं थांबलं.

"ह्यांना ताप होता, वहिनी. मी घाबरले होते."

"कोरोनाचा ताप अख्ख्या दिल्लीला होता. आमच्या ह्यांना श्वास घेता येत नव्हता. मी तुझ्या दारात हात जोडून उभी होते. तू जाळीच्या आडून म्हणालीस, ऑक्सिजनचा सिलिंडर नाही आमच्याकडे. आणि महिन्याभराने तोच सिलिंडर परत जायला निघाला. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. तो खाली न्यायला आलेल्या माणसासाठी लिफ्टचं दार मी धरून ठेवलं होतं, कल्पना. मी!"

पाळक सुयश लगबगीने आले. तिशीचे, दिल्लीतच वाढलेले.

"आजी, जबरदस्ती बिल्कुल नाही. पण प्रभूचा शिष्य पेत्रही हेच म्हणाला होता ना, माझे पाय धुवायचे नाहीत म्हणून? तेव्हा प्रभूने त्याला..."

"मला नका शिकवू. इथल्या अर्ध्या पोरांना संडे स्कूलमध्ये तो धडा मीच शिकवलाय. पेत्राच्या घरात कुणी गुदमरून गेलं नव्हतं, पाळकसाहेब."

पाळक एक पाऊल मागे सरले. थोड्या वेळापूर्वीच त्यांनी उपदेशात सांगितलं होतं, की प्रभूचा आवडता शिष्य त्या भोजनाला त्याच्या उराशी टेकून बसला होता. आपणही तितकं जवळ जावं, त्याच्या काळजाचे ठोके ऐकू येतील इतकं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. सुमित्राबाईंनी नव्हती डोलावली. त्यांनी कान लावला होता तो नवऱ्याच्या छातीला. ठोके ऐकू येत होते. मग येईनासे झाले.

वरून विमान गेलं. इथे विमान गेलं की सगळेच बोलायचे थांबतात. तेवढ्या वेळात सुमित्राबाईंनी कल्पनाचा चेहरा नीट पाहिला. त्या चेहऱ्यावर आशा होती. ती पाहून त्यांचं डोकं आणखीच फिरलं.

"तू माझे पाय धुशील, रडशील, आणि हलकी होऊन घरी जाशील," त्या म्हणाल्या. "आणि मी?"

कल्पनाने मान खाली घातली.

"ऊठ."

कल्पना उठली. टॉवेल खुर्चीवर ठेवून दाराकडे निघाली.

"तिकडे कुठे? इथे बस. खुर्चीत."

सुमित्राबाई उभ्या राहिल्या. पाळक हात द्यायला आले, तो हात त्यांनी झटकून टाकला. खुर्चीला धरून, एकेक गुडघा दाबत, त्या कशाबशा फरशीवर बसल्या.

"अहो काकू, डॉक्टरांनी खाली बसू नका सांगितलंय ना?" स्वरूपा म्हणाली.

"तू तुझं नेलपॉलिश सांभाळ."

त्यांनी कल्पनाचा पाय ओढून टबात घेतला. "प्रभूने सांगितलंय म्हणून धुते आहे. तुझ्यासाठी नाही. समजलं?"

पाणी गार होतं. शेवटच्या भोजनाच्या त्या संध्याकाळी, प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले गेले होते. वर्गात शिकवताना सुमित्राबाई त्याच्यापाशी कधी थांबल्या नव्हत्या. प्रभूने सगळ्या शिष्यांचे पाय धुतले, एवढं म्हणायचं आणि पुढे जायचं. यहूदाचा पाय हातात घेतल्यावर प्रभूने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं होतं का, असं एकाही पोराने कधी विचारलं नव्हतं. आता त्यांना स्वतःलाच वर पाहवत नव्हतं. त्या रागाने, करपलेलं पातेलं घासावं तशी कल्पनाची टाच घासत होत्या.

"दुखतंय?"

"हो."

"दुखू दे."

कल्पनाने पाय मागे घेतला नाही. तिला हुंदका आला.

सुमित्राबाईंनी पाय बाहेर काढला, मांडीवर घेतला. टॉवेलने टिपला, बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या केल्या.

"वहिनी," कल्पना म्हणाली, "माफ केलंत?"

"नाही," सुमित्राबाई म्हणाल्या. "दुसरा पाय दे."