गुलाबशेटचा काटा
भोरच्या आनंदराव मेस्त्रींनी मोडीतल्या फियाटमधून बनवलेली रेसगाडी बाजारातल्या चार धान्यव्यापाऱ्यांकडून मागून आणलेल्या काट्यांवर उभी होती, चाकागणिक एक काटा; डाव्या मागच्या चाकाखाली गुलाबशेटचा. ड्रायव्हरच्या वजनाला सीटवर, बाजाराला आलेल्या हिर्डोशीच्या साळूबाईंचं तांदळाचं पोतं ठेवलं होतं. चाकांचं वजन डावी-उजवीकडं सारखं भरलं, तरच उद्याच्या शर्यतीत गाडी वळणावर टिकणार होती. पण डावं मागचं चाक नऊ किलो हलकं! तिथली स्प्रिंग आवळली, तर पुढचं उजवं जड झालं. वैतागून मेस्त्रींनी स्प्रिंग होती तशी करून मागच्या दोन काट्यांचीच अदलाबदल केली. आता मागचं उजवं चाक नऊ किलो हलकं! “गाडी चोख हाय!” मेस्त्री नाचायलाच लागले. “गुलाबशेटचा काटा खोटा हाय!” हे ऐकून शेजारी उभ्या साळूबाई उसळल्या. “दर साली माजा तांदूळ त्याच काट्यावर कमी भरतोय. उतरवा पोतं, दुसऱ्या काट्यावर घाला!” गुलाबशेट काटा न्यायला धावत आले, तेव्हा अख्खा बाजार आपापली पोती पुन्हा मोजून घ्यायला रांगेत उभा होता.