बाहेरून

दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून आमच्या कन्याशाळेत मोठ्या बाई नववीतच चाळणी लावत. उजळणीच्या तासाला मुली जोडीजोडीनं प्रश्न विचारत, तेव्हा कोकिळा कुणाकडून हरत नसे. मराठीच्या पेपरात मात्र ती घाईत 'आहे'च्या जागी घरच्या बोलीतलं 'शे' लिही. पेपर तपासताना प्रत्येक 'शे'मागे अर्धा गुण मीच कापला, आणि ती तीन गुणांनी नापास झाली. साक्रीहून तिच्या वडिलांना बोलावलं. मोठ्या बाईंनी सतरा नंबरचा फॉर्म पुढे सरकवला. "दहावीला आता ती बाहेरून बसेल, आबा." आबांनी दाराबाहेर पाहिलं. "बाहेर म्हणजे व्हरांडामाच ना, बाई? चाली. तठून बी फळा दिखस." मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. सतरा नंबर म्हणजे शाळेतून नाव गेलं, हे शेजारी उभ्या कोकिळाला ठाऊक होतं. तिनं फॉर्मवर बोट ठेवलं. "हा आबा, व्हरांडामाच. आठे सही करा."